शास्त्रीजींचा सोमवार

भाकऱ्या आटपल्या असतील तर बसून ऐका, नसतील तर थापता थापता ऐका.

आज मला लालबहादूर शास्त्रींबद्दल बोलायचंय. पुस्तकातले शास्त्रीजी आपल्या पोरांना वर्षातून एकदा भेटतात, २ ऑक्टोबरला. त्या दिवशी गांधीजींचीही जयंती असते. दोन फोटो शेजारी मांडतात, दोघांना हार घालतात आणि भाषणं सगळी गांधीजींवर होतात. शास्त्रीजींच्या वाट्याला "जय जवान, जय किसान" एवढी एक घोषणा येते आणि प्रसाद वाटून शाळा सुटते. मी बोलणार आहे ते आपल्या आज्या-आजोबांच्या तोंडी असलेल्या शास्त्रीजींबद्दल. ते निराळे आहेत. चुलीजवळचे आहेत.

शास्त्रीजी गेले ११ जानेवारी १९६६ ला. त्या वेळी ज्या बाया वीस वर्षांच्या होत्या, त्या आज ऐंशीच्या आहेत. त्यांतल्या किती उरल्यात ते आपल्याच वाडीत मोजून बघा, म्हणजे मी हा विषय आज का काढला ते कळेल.

माझं माहेर कराड तालुक्यातलं, कोयनेच्या काठचं. आजी आणि आप्पा, म्हणजे माझे आजोबा, दोघंही आहेत. आप्पांना ऐकू कमी येतं आणि आजीला दिसत कमी, त्यामुळे दोघांचं मिळून एक माणूस होतं, असं आजीच म्हणते. गेल्या दिवाळीला मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून दोघांपुढे बसले. म्हटलं, शास्त्रीजींचं सांगा. आप्पा लगेच ताठ बसले. आजी उठायला लागली. "ह्यांना इचार. मला काय ठावं त्यातलं? मी तवा चुलीम्होरं."

हे वाक्य तुम्ही किती जणींकडून ऐकलंय? मी तर दरवेळी ऐकते. म्हटलं, आजी, मला चुलीपुढचंच पाहिजे. बस.

आता एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुम्ही कुणाला विचारायला गेलात तर गोंधळ होणार नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत सालं सरमिसळ होतात. आजी पहिल्यांदा म्हणाली, शास्त्री गेले तेव्हा ऊन मरणाचं होतं, विहिरी आटल्या होत्या. तर ते शास्त्रीजी नव्हेत, ते नेहरू. नेहरू गेले २७ मे १९६४ ला, भर उन्हाळ्यात. मग ती रेशनच्या लाल मिलोवरून सुकडीवर गेली. सुकडी बहात्तरच्या दुष्काळातली. अशा वेळी साल विचारून उपयोग नसतो. शेतात काय होतं, सण कुठला जवळ आला होता, पोटात कुठलं पोर होतं, हे विचारायचं. आमच्या साताऱ्याकडे तर एक हुकमी खूण आहे, ती म्हणजे कोयनेचा भूकंप. तो ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला. "भूकंपाच्या आधी का नंतर?" एवढं विचारलं की म्हातारं माणूस बरोबर जागेवर येतं. आजी म्हणाली, "भूकंपाच्या आदी दोन वर्सं. शाळू हुरड्यात व्हता, आन् संक्रांत तोंडावर." म्हणजे जानेवारी १९६६. बिनचूक.

आणि मग म्हणाली, "मंगळवार व्हता."

मी नंतर पंचांग काढून बघितलं. ११ जानेवारी १९६६ खरंच मंगळवार होता. जिला "काय ठावं त्यातलं" असं वाटत होतं, तिला वार पाठ होता. का, ते सांगते.

१९६५ साली पावसानं दगा दिला. एकट्या महाराष्ट्रात नव्हे, देशाच्या मोठ्या भागात. आदल्या वर्षी देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकलं होतं, त्या वर्षी ७ कोटी २० लाखांच्या आसपास आलं. आधीच आपण अमेरिकेच्या गव्हावर दिवस काढत होतो. जहाज बंदराला लागलं की ते धान्य थेट रेशनच्या दुकानात, अशी गत. त्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटलं, आणि धान्य देणाऱ्या अमेरिकेनं हात आखडता घेतला. शास्त्रीजींना पंतप्रधान होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. त्यांनी देशाला एक गोष्ट मागितली. सोमवारी संध्याकाळी एक वेळचं जेवण सोडा. हॉटेलं, खाणावळीसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागल्या. सांगायच्या आधी त्यांनी आपल्या घरात एक संध्याकाळ चूल पेटवू दिली नाही, पोरं उपाशी राहू शकतात का ते बघितलं, आणि मग देशाला सांगितलं, असं त्यांच्या मुलांनी पुढे सांगितलंय.

आता बघा, सोमवार आपल्या बायकांना काही नवा नव्हता. शंकराचा वार. निम्म्या बायका आधीच सोमवार धरणाऱ्या. आजीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या पणजी, म्हणाल्या होत्या, "म्हादेवाचा व्हताच, आता शास्त्र्याचा बी झाला." घरात चौदा माणसं. मी आजीला विचारलं, मग चौदाच्या चौदा जण उपाशी राहत होते का?

आजी हसली. म्हणाली, "पोरांस्नी कसं उपाशी ठिवायचं? त्यास्नी दुपारचं ठिवायचो. म्हातारं मामंजी, त्यास्नी दूध. गडीमानसं दिसभर मोट वडून आल्याली, त्यास्नी शेंगा-गूळ. ऱ्हायलो कोन? आमी दोगी जावा आन् सासूबाई."

म्हणजे देशाचा सोमवार आमच्या घरात तिघींनी धरला.

आप्पा मध्येच म्हणाले, "मी बी धरायचो की." आजी म्हणाली, "शेंगा खाऊन."

मी तिला विचारलं, राग नाही आला? आधीच तुम्ही शेवटी जेवणाऱ्या, उरलं तर उरलं. त्यात आणखी हे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग जे बोलली ते मी रेकॉर्डिंगवरून तसंच्या तसं उतरवून घेतलंय. "आमी कितींदा उपाशी निजायचो त्ये कुनी मोजलं न्हवतं बाई. घरातल्यांनी बी न्हाय. त्या मानसानं सांगितलं की तुमी एक येळ खाल्लं न्हाय तर देशाचं एक येळचं वाचतं. पयल्यांदा कुनीतरी आमच्या भाकरीचा हिशोब धरला."

मला वाटतं, तिच्या पिढीतल्या बायकांना शास्त्रीजी का आवडत होते, त्याचं कारण इथं आहे. माणूस ठेंगणा, आवाज मोठा नाही, धोतर-सदरा. पण जे मागितलं ते असं मागितलं की देणं बाईच्या हातात होतं. चूल पेटवायची का नाही, हे तिनं ठरवायचं.

पण मैत्रिणींनो, गोष्ट एवढ्यावर थांबवली तर ती अर्धीच राहील. माझ्या सासरी आमच्या बचत गटात एक मावशी आहेत. वय आजीएवढंच. त्यांच्या घरी कधीच जमीन नव्हती. लग्न झाल्यापासून दुसऱ्याच्या बांधावर. आजीचं रेकॉर्डिंग मी मोठ्या कौतुकानं गटाच्या बैठकीत ऐकवलं. सगळ्याजणी माना डोलवत होत्या. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचा कसला सोमवार? ज्या दिशी काम न्हाय त्यो सोमवार."

बैठक गप्प झाली. मग त्या पुढे बोलल्या. त्या ज्यांच्याकडे कामाला जात, त्या घरातून संध्याकाळी उरलंसुरलं मिळायचं. दोन भाकऱ्या, कालवण असेल तर कालवण. पदरात बांधून आणायच्या, त्यावर दोन पोरं निजायची. सोमवारी त्या घरात संध्याकाळची चूलच पेटेना. मग उरणार काय? "त्यास्नी पुन्य लागलं, आन् माझी पोरं पान्यावर निजली." हे त्या रागानं नव्हे, सहज बोलल्या. मलाच खाली बघावंसं वाटलं.

मी विचारलं, मग मावशी, शास्त्रीजींबद्दल काय वाटतं? त्या म्हणाल्या, "मानूस चांगला व्हता. त्यो बी खात न्हवता, आयकलं व्हतं. पन त्येला आमचं कुनी सांगितलं नसंल."

हे बोलणं मी पुढच्या खेपेला आजीला ऐकवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की त्यांच्या दारातही एक बाई यायची संध्याकाळी. एका सोमवारी आली, चूल थंड बघितली, काही न बोलता माघारी गेली. "तवा ध्येनात आलं न्हाय. आज आलं." आणि उठून ती गोठ्याकडे गेली. त्या दिवशी आणखी काही बोलली नाही.

दोघींचं खरं आहे. एकीचं सांगायचं आणि दुसरीचं गाळायचं, असं केलं तर ती आठवण होत नाही, जाहिरात होते. सोमवारची हाक ज्यांच्या घरात दोन वेळा शिजत होतं त्यांच्यासाठी होती. ज्यांच्या घरात एकच वेळ शिजत होतं, त्यांच्यापर्यंत ती हाक पोचली ती उलट्या बाजूनं. मी शास्त्रीजींना दोष देत नाही. उपासमार टाळायची, परक्या देशापुढे पदर पसरायचा नाही, यासाठीच ते धडपडत होते. त्यांच्याच काळात अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोच्या गव्हाच्या बियाण्याला हात घातला. १९६६ मध्ये १८,००० टन बियाणं आलं आणि पुढे गव्हाची कोठारं भरली, ते बघायला शास्त्रीजी नव्हते. आणि तुमच्यापैकी ज्या सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात त्यांनी हेही ऐकून ठेवा. ऑक्टोबर १९६४ मध्ये ते गुजरातेत आणंदला गेले होते, तेव्हा एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी रात्रभर मुक्कामाला राहिले आणि दूध संघ कसा चालतो ते गावकऱ्यांकडूनच समजून घेतलं. त्यातून पुढच्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभं राहिलं. म्हणजे माणूस विचारणारा होता. एखाद्या सोमवारी मावशींच्या झोपडीत मुक्काम पडला असता तर त्यांनाही विचारलं असतं, असं मला आपलं वाटतं.

आता युद्धाचं. आपल्याकडे, साताऱ्याकडे, गावागणिक फौजेतली माणसं. आजीचा थोरला भाऊ फौजेत होता. ऑगस्टपासून त्याचं पत्र नव्हतं. पोस्टमन आमच्या आळीकडे वळला की आजी आत जाऊन दार लोटून घ्यायची. पत्र असेल तर बरं, तार असेल तर काय, म्हणून. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. पण फौजा जिथल्या तिथंच उभ्या होत्या, समोरासमोर. दसरा गेला, दिवाळी गेली. भाऊबीजेला आजीनं चंद्राला ओवाळलं.

जानेवारीत शास्त्रीजी ताश्कंदला गेले. ताश्कंद म्हणजे आज उझबेकिस्तानची राजधानी, तेव्हा ते रशियाच्या सोव्हिएत राज्यात होतं. तिथं रशियाचे पंतप्रधान कोसिजिन यांनी शास्त्रीजी आणि पाकिस्तानचे अयूब खान यांना बोलणी करायला एकत्र बसवलं होतं. आमच्या भागाचं त्या बोलण्यांकडे जास्तच लक्ष होतं, कारण शास्त्रीजींच्या बरोबर संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे कराडचे. चावडीवरच्या रेडिओपुढे तेव्हा बसायला जागा नसायची म्हणे. बायका अर्थात चावडीवर जात नव्हत्या. पाण्याला गेल्यावर जे कानावर पडेल ते.

१० जानेवारीला करार झाला. दोन्ही फौजांनी ५ ऑगस्टच्या आधी जिथं होत्या तिथं माघारी जायचं, २५ फेब्रुवारीच्या आत. आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, शास्त्रीजींचं हृदय थांबलं. वय ६१. पंतप्रधान झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

१० जानेवारी सोमवार होता. आजीच्या लक्षात वार का राहिला, ते आता कळलं ना? रात्री तिघीजणी त्यांच्या शब्दाखातर उपाशी निजल्या आणि सकाळी उठल्या तर शब्द देणारा माणूस नव्हता.

आप्पा त्या रात्री गुऱ्हाळावर होते. पहाटेच्या वेळी कराडकडून कुणीतरी सायकलवरून आला, त्यानं सांगितलं. आप्पा म्हणतात, सगळे उठून उभे राहिले, पण काहील चढलेली होती. रस उकळीला आला की थांबवता येत नाही, सोडला तर करपतो. गुळव्या म्हातारा होता. तो म्हणाला, ही काहील उतरवू आणि मग चुलवाण विझवू. तेवढा गूळ त्यांनी न बोलता काढला. मग चुलवाणात पाणी मारलं. बैल सोडले. पंचवीस वर्षांचा गडी मी, आप्पा म्हणतात, पण घरी येईतो डोळ्यांतलं पाणी थांबेना. घरातलं कुणी गेल्यावर सुद्धा असं झालं नव्हतं.

आजी जात्यावर होती. भोगीची बाजरी दळत होती, कारण शुक्रवारी संक्रांत आणि गुरुवारी भोगी. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "शास्त्री गेलं." सासूबाईंना वाटलं, गावात पोथी सांगायला येणारे कुणी शास्त्रीबुवा गेले. त्या म्हणाल्या, "कुठलं गं शास्त्रीबुवा? परवा तर धडधाकट व्हतं." आजी हे सांगताना अजून हसते आणि हसता हसता डोळे पुसते. खरं तर "शास्त्री" हे त्यांचं घराण्यातलं आडनाव नव्हतंच. जात कळणारं आडनाव त्यांनी तरुणपणीच टाकलं होतं. काशी विद्यापीठाची शास्त्री ही पदवी मिळवली, तीच नावाला चिकटली.

मग जातं थांबलं. अर्धी बाजरी दळायची राहिली. त्या वर्षी भोगीला भाकऱ्या झाल्या, तिळगूळही झाला, कारण पोरं होती. पण हळदीकुंकवाला आमच्या आळीत कुणी उखाणा घेतला नाही. कुणी ठरवलं नव्हतं. पहिली बाई आली, तिला "नाव घे" म्हणायला कुणाचं तोंड उघडेना, म्हणून पुढच्याही कुणीच घेतलं नाही. बायकांचा दुखवटा असा होता. त्याची बातमी कुठल्या पेपरात आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, दिल्लीत यमुनेच्या काठी अंत्यसंस्कार झाले. ती जागा आज विजय घाट म्हणून ओळखली जाते. ताश्कंदच्या विमानतळावर त्यांच्या पेटीला कोसिजिन आणि अयूब खान यांनी खांदा दिला. चार महिन्यांपूर्वी ज्याच्याशी लढाई चालू होती, त्यानं खांदा दिला. आप्पांना हे आवडत नाही. आजीला आवडतं. आणि इथून पुढे आमच्या घरात साठ वर्षं चाललेलं भांडण सुरू होतं.

आप्पांचं म्हणणं असं, की जिंकलेलं परत द्यायला नको होतं. काश्मिरातली हाजी पीर खिंड आपल्या जवानांनी ऑगस्टमध्ये रक्त सांडून घेतली, ती करारात परत गेली. "माणूस सोन्यासारखा, पन तितं त्येला अडकवलं." आप्पांचा असाही ठाम विश्वास आहे की शास्त्रीजींचा घातपात झाला. हा संशय एकट्या आप्पांचा नाही. खुद्द ललिता शास्त्रींनी आणि घरच्यांनी तो बोलून दाखवला होता. शवविच्छेदन झालं नाही, त्यामुळे शंकेला जागा राहिली. सरकारनं कारण दिलं ते हृदयविकाराचं. घराघरांत मात्र विषाची गोष्ट डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगतात. पोरांना सांगताना "असा संशय होता" एवढंच सांगावं. आप्पांना मी हे म्हटलं, तर त्यांना नेमकं तेव्हाच ऐकू आलं नाही.

आणि आजी? आजी म्हणते, "खिंड गेली आसंल. माजा भाऊ आला." शिमग्याला तो सुट्टीवर आला. पायाची बोटं थंडीनं काळी पडलेली, पण आला. आजीनं संक्रांतीचा तिळगूळ फडक्यात बांधून ठेवला होता, तो त्याला दिला. तिच्या लेखी ताश्कंदचा करार म्हणजे तो भाऊ. आप्पा म्हणतात, तुला काय कळतंय त्यातलं. ती म्हणते, तुमचा भाऊ नव्हता तिथं.

मी कुणाची बाजू घ्यायची? खिंडीचं मोल मला कळतं, मी काही फौजेतली नव्हे, पण कळतं. तरीसुद्धा मी आजीकडे झुकते. ज्यांची माणसं तिकडे उभी होती, त्या घरांतल्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांचं उत्तर आप्पांच्या उत्तरापेक्षा वेगळं आलं असतं.

शास्त्रीजींच्या घराबद्दलही थोडं सांगते, कारण आपण सगळ्या हप्ते भरणाऱ्या आहोत. त्यांचं लग्न १९२८ साली झालं तेव्हा हुंडा म्हणून त्यांनी एक चरखा आणि थोडी खादी एवढंच घेतलं. रेल्वेमंत्री असताना १९५६ मध्ये तामिळनाडूत अरियालूरला मोठा अपघात झाला, तर जबाबदारी आपली म्हणून राजीनामा देऊन मोकळे झाले. हे आप्पांना पाठ आहे. आजीला मात्र पाठ आहे ती गाडीची गोष्ट. पंतप्रधान झाल्यावर घरच्यांच्या आग्रहानं एक फियाट गाडी घ्यायचं ठरलं. किंमत १२,००० रुपये. खात्यात होते ७,०००. उरलेल्या ५,००० साठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेत कर्जाचा अर्ज केला. ते कर्ज फिटायच्या आत ते गेले. मागे राहिलेले हप्ते ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडले. ती गाडी आजही दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे.

आमच्या गटात ही गोष्ट मी सांगितली तेव्हा एकजण म्हणाली, "म्हणजे नवरा पंतप्रधान असला तरी हप्ता बाईनंच भरायचा." हसून पुरेवाट झाली. पण नंतर मावशी म्हणाल्या, "तिनं भरला म्हनून त्येचं नाव ऱ्हायलं." आणि मला ते पटलं. शास्त्रीजींची साधी राहणी आपण सगळे सांगतो. त्या राहणीचा खर्च कुणाच्या अंगावर पडत होता, ते ललिताबाईंना ठाऊक.

तर आमच्या गटानं आता असं ठरवलंय, की दर बैठकीला एका म्हाताऱ्या बाईचं ऐकायचं आणि मोबाईलवर धरून ठेवायचं. अर्धा तास पुरे, त्या थकतात. "शास्त्रीजींबद्दल सांगा" असं विचारलं तर गप्प बसतात किंवा घरातल्या पुरुषांकडे बोट दाखवतात. म्हणून आम्ही विचारतो, त्या वर्षी काय शिजत होतं? रेशनला काय मिळायचं? सोमवारी कोण उपाशी राहायचं? घरातलं कुणी फौजेत होतं का? बातमी कळली तेव्हा हातात काय होतं? हातात काय होतं ते विचारलं की बाई बोलायला लागते. हात विसरत नाहीत. एकीच्या हातात शेणाची पाटी होती, एकीच्या मांडीवर सहा दिवसांचं बाळ होतं, आणि आज त्या बाळाची पोरगी आमच्या गटाची सचिव आहे. आणि एकाच घरात विचारून थांबायचं नाही. जमीनवाल्याच्या घरात विचारलं की त्याच दिवशी त्यांच्या बांधावर राबणाऱ्या घरातही विचारायचं. हा नियम मावशींमुळे झाला.

पुढच्या वेळी याच वेळेला मावशींचं रेकॉर्डिंग ऐकवणार आहोत, सबंध, न कापता. त्यांनी परवानगी दिलीय. अट एकच घातलीय, नाव सांगायचं नाही. तुमच्याकडे कुणी सांगणारी असेल तर केंद्रावर निरोप द्या. तिला इथपर्यंत यायला जमणार नसेल तर आम्ही येऊ. नमस्कार.